स्टर्जेस, प्रेस्टन

(२९ ऑगस्ट १८९८–६ ऑगस्ट १९५९). अमेरिकन नाटककार, पटकथालेखक व चित्रपटदिग्दर्शक. हॉलिवुडच्या सुखात्मिकेला त्याने १९४० ते १९४४ या अवघ्या पाच वर्षांत एक नवे, बोचरे आणि तरीही लोकप्रिय रूप दिले. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, लेखक म्हणून नाव मिळविलेल्या व्यक्तीने आपल्या पटकथेचे दिग्दर्शन आपणच करावे, ही त्या काळी अव्यवहार्य समजली जाणारी कल्पना त्याने एका मोठ्या चित्रपटसंस्थेच्या गळी उतरविली. चार्ली चॅप्लिनसारखे कलावंत आपले चित्रपट स्वतः लिहीत व दिग्दर्शित करीत असत; परंतु त्यांच्या स्वातंत्र्यामागे त्यांची अभिनेता म्हणून असलेली कीर्ती आणि स्वतःचे भांडवल उभे होते. स्टर्जेसजवळ लिहिलेल्या कागदांखेरीज काही नव्हते.

जन्म शिकागो येथे. मूळ नाव एडमंड प्रेस्टन बायडेन. आई मेरी डेम्प्सी ही कमालीची हौशी, चंचल आणि कल्पक स्त्री होती. पुढे तिने मेरी डेस्टी हे नाव धारण केले. पतीला सोडून लहानग्या प्रेस्टनसह ती पॅरिसला गेली आणि तेथे प्रसिद्ध नर्तकी इझाडोरा डंकन हिची जिवलग मैत्रीण बनली. १९२७ साली नीस येथे मोटारीच्या चाकात गळ्याभोवतीचा रेशमी शेला गुंतून डंकनचा मृत्यू झाला. तो शेला मेरीनेच तिला भेट दिलेला होता. मेरीचा नंतरचा पती सॉलोमन स्टर्जेस हा शिकागोतील सधन रोखेदलाल. त्याने प्रेस्टनला दत्तक घेऊन आपले नाव दिले आणि आईशी फारकत झाल्यानंतरही त्याच्यावरील माया कमी होऊ दिली नाही. मुलाचे बालपण या दोन ध्रुवांमध्ये गेले. आई त्याला संग्रहालये, संगीतिका व शोकनाट्ये यांतून हिंडवीत होती. पिता मात्र सरळ, व्यवहारी आणि खेळकर वृत्तीचा होता. मुलाचा ओढा पित्याकडे राहिला. कलेच्या या सक्तीच्या शिक्षणाने आपल्याला कलेचा कंटाळा आला, असे तो पुढे सांगे. तथापि त्याच्या चित्रपटांत अत्यंत सुसंस्कृत संवाद आणि धडाधड पडणे-आपटणे हे दोन्ही एकाच दृश्यात सुखाने नांदतात, त्याचे मूळ या दुहेरी संस्कारात असावे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस तो अमेरिकन सैन्याच्या विमानदलात भरती झाला. पण प्रत्यक्ष रणांगण पाहण्याचा प्रसंग आला नाही. त्यानंतर न्यूयॉर्क येथे आईच्या प्रसाधनद्रव्यांच्या धंद्यात तो काम करू लागला. या काळात त्याने न पुसली जाणारी ओठांची लाली तयार केली. यंत्रे आणि शोध यांचा नाद त्याला आयुष्यभर होता. हॉलिवुडमध्ये स्थिरावल्यावरही त्याने डीझेल एंजिने बनविण्याचा एक कारखाना काढला होता. वयाच्या तिशीपर्यंत लेखनाचा विचार त्याच्या मनात गंभीरपणे आला नव्हता. अपेंडिक्सच्या दुखण्यावरील शस्त्रक्रियेनंतर अंथरुणावर पडून असताना तो नाट्यलेखनाकडे वळला. त्याचे 'स्ट्रिक्टली डिसऑनरेबल' हे नाटक सप्टेंबर १९२९ मध्ये ब्रॉडवेवर आले. मद्यबंदीच्या काळातील एका चोरट्या मद्यगृहात दक्षिणेकडील एक भोळी तरुणी आणि एक इटालियन संगीतिकागायक यांची गाठ पडते, एवढेच त्याचे कथानक. परंतु संवादांच्या बळावर त्याचे ५५७ प्रयोग झाले. त्यानंतरची त्याची नाटके मात्र एकामागून एक कोसळली आणि १९३२ मध्ये तो चरितार्थासाठी हॉलिवुडला आला.

त्या वेळची हॉलिवुडमधील लेखनाची रीत समजून घेतल्याशिवाय स्टर्जेसच्या धडपडीचा अर्थ लागत नाही. चित्रपटसंस्था लेखकांना आठवड्याच्या पगारावर ठेवीत. एकाने कथासूत्र बांधावे, दुसऱ्याने प्रसंग रचावेत, तिसऱ्याने संवाद लिहावेत, चौथ्याने त्यांत विनोद पेरावा, असा प्रकार चाले. निर्माता त्यांपैकी कोणालाही केव्हाही बदलू शके. चित्रीकरणाच्या जागी लेखकाचे काही काम असते, असे कोणाला वाटत नसे. पियानो हलविणाऱ्या हमालांच्या टोळीप्रमाणे इथे लेखक टोळीने काम करतात, अशी स्टर्जेसने या पद्धतीची थट्टा केली आहे. टोळीतील एक होण्यास तो तयार नव्हता. फॉक्स कंपनीसाठी निर्माता जेसी लॅस्की याला त्याने 'द पॉवर अँड द ग्लोरी' (१९३३) या चित्रपटाची पटकथा एकट्याने, पूर्ण संवादांसह आणि चित्रीकरणास सिद्ध अशा स्वरूपात लिहून दिली. तिच्यासाठी त्याला १७,५०० डॉलर आगाऊ आणि शिवाय चित्रपटाच्या उत्पन्नात हिस्सा मिळाला. पगारी लेखकांच्या त्या जगात हा करार खळबळजनक ठरला.

या पटकथेचे महत्त्व आर्थिक बाबीपुरतेच नाही. लोहमार्गावर पहारा करणारा एक अशिक्षित मजूर रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होतो आणि अखेर आत्महत्या करतो, अशी ही कथा आहे. ती त्याच्या अंत्यविधीपासून सुरू होते आणि एका जुन्या मित्राच्या आठवणींतून, कालक्रम सोडून, पुढेमागे होत उलगडते. स्टर्जेसची तत्कालीन पत्नी एलिनॉर हटन हिचे आजोबा सी. डब्ल्यू. पोस्ट हे बड्या खाद्यधंद्याचे संस्थापक. त्यांच्याविषयीच्या घरगुती आठवणी तिच्या तोंडून जशा विस्कळीत क्रमाने ऐकायला मिळाल्या, त्यावरून ही रचना त्याला सुचली. स्पेन्सर ट्रेसीने नायकाची भूमिका केली. ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' (१९४१) या चित्रपटाच्या रचनेशी तिचे साम्य समीक्षकांनी वारंवार दाखविले आहे. दिग्दर्शक विल्यम के. हॉवर्डने पटकथा जवळजवळ जशीच्या तशी चित्रित केली. चित्रीकरण चालू असताना स्टर्जेस तेथे मुद्दाम हजर राहिला आणि दिग्दर्शकाच्या एका शब्दासरशी सारा ताफा कसा हलतो, ते त्याने जवळून पाहिले. लेखक बाजूला उभा असतो, दिग्दर्शकाला मात्र राजाचा मान असतो, ही बोच त्याच्या मनात तेथेच रुजली.

पुढील सात वर्षे त्याला इतरांसाठीच लिहावे लागले. फेरेंत्स मोल्नारच्या नाटकावरून लिहिलेला 'द गुड फेअरी' (१९३५, दिग्दर्शक विल्यम वायलर) आणि पॅरामाउंट कंपनीसाठी लिहिलेला 'ईझी लिव्हिंग' (१९३७) हे या काळातील उल्लेखनीय चित्रपट. 'ईझी लिव्हिंग'मध्ये एक संतापलेला लक्षाधीश पत्नीचा मौल्यवान फरकोट गच्चीवरून खाली फेकतो आणि तो उघड्या बसमधून जाणाऱ्या एका गरीब कारकून तरुणीच्या डोक्यावर पडतो. त्या कोटामुळे जग तिला लक्षाधीशाची मैत्रीण समजू लागते आणि बघता बघता सगळी दारे तिच्यासाठी उघडतात. स्टर्जेसच्या विनोदाचे बीजच या कल्पनेत आहे. त्याच्या जगात यश हे गुणांचे फळ नसते. ते आकाशातून अंगावर पडते आणि ज्याच्या अंगावर पडले, त्याला लोक पात्र समजू लागतात. या चित्रपटाचा आणि 'रिमेंबर द नाइट' (१९४०) या चित्रपटाचा दिग्दर्शक मिचेल लायसन हा नेटका, अभिरुचिसंपन्न कलावंत होता. परंतु तो पटकथेतील संवाद छाटी, वेग मंदावे, आणि स्टर्जेसचा जीव तुटे. लायसनवर यात थोडा अन्याय होतो, हेही खरे: 'रिमेंबर द नाइट'मधील हळुवारपणा स्टर्जेसला स्वतःला क्वचितच साधला असता.

दिग्दर्शनाची संधी मिळविण्यासाठी स्टर्जेसने जो सौदा केला, तो चित्रपटेतिहासात प्रसिद्ध आहे. १९३३ पासून त्याच्याजवळ एक पटकथा पडून होती. ती त्याने पॅरामाउंटला केवळ १० डॉलरला देऊ केली. अट एकच, की दिग्दर्शन आपण करणार. कंपनीच्या निर्मितिविभागाचा प्रमुख विल्यम लबॅरन याने ती मान्य केली. बेताचा खर्च आणि मोठ्या ताऱ्यांचा अभाव अशा स्थितीत 'द ग्रेट मगिंटी' (१९४०) तयार झाला. एक भणंग माणूस निवडणुकीत दर मतामागे दोन डॉलर या दराने बनावट नावांनी ३७ वेळा मतदान करतो. त्याच्या या उत्साहावर खूश होऊन शहरातील राजकीय टोळीचा सूत्रधार त्याला हाताशी धरतो. आणि तो नगरसेवक, महापौर व शेवटी गव्हर्नर होतो. पत्नीच्या आग्रहाने त्याला एकदाच प्रामाणिक होण्याची बुद्धी होते आणि त्या एका क्षणापायी सर्वस्व गमावून त्याला देशाबाहेर पळावे लागते. भ्रष्टाचारावर टीका करणारे चित्रपट तेव्हा पुष्कळ निघत. पण त्यांत सज्जनाचा जय ठरलेला असे. येथे प्रामाणिकपणा हाच नायकाचा घातक दोष ठरतो आणि प्रेक्षक हसतो. चित्रपट चालला. ऑस्कर पारितोषिकांत मूळ पटकथेसाठी स्वतंत्र पारितोषिक प्रथमच ठेवण्यात आले होते; ते या पटकथेला मिळाले. दहा डॉलरला विकलेल्या पटकथेने लेखकांसाठी एक दार उघडले. पुढील दोन वर्षांत वॉर्नर ब्रदर्समध्ये जॉन ह्यूस्टन आणि पॅरामाउंटमध्येच बिली वाइल्डर हे पटकथालेखक दिग्दर्शक झाले.

यानंतरच्या कामाचा वेग थक्क करणारा आहे. १९४४ अखेर त्याचे आठ चित्रपट प्रदर्शित झाले आणि त्यांपैकी बहुतेकांना आज अभिजात मानले जाते. 'ख्रिसमस इन जुलै' (१९४०) ही छोटेखानी कृती त्याच्याच एका न खेळलेल्या नाटकावरून केलेली आहे. कॉफीच्या जाहिरातीसाठी उत्तम घोषवाक्य सुचविणाऱ्यास २५,००० डॉलरचे बक्षीस असते. कचेरीतील सोबती खोटी तार पाठवून एका कारकुनाला ते मिळाल्याचे भासवितात, आणि कालपर्यंत ज्याच्याकडे ढुंकूनही न पाहणारे मालक आज त्याच्या कल्पनांवर फिदा होतात. कल्पना तीच असते, माणूसही तोच. बदललेली असते ती केवळ तार. 'द लेडी ईव्ह' (१९४१) हा त्याचा सर्वांत रेखीव चित्रपट. बार्बरा स्टॅनविकने यात जहाजावर पत्त्यांत लबाडी करणाऱ्या तरुणीचे, आणि हेन्री फोंडाने सापांच्या अभ्यासात गढलेल्या धनिकपुत्राचे काम केले आहे. जहाजाच्या भोजनगृहात बसून ती हातातील छोट्या आरशात त्याच्यावर डोळा ठेवणाऱ्या साऱ्या स्त्रियांचे प्रयत्न न्याहाळते आणि त्यांवर हळू आवाजात टीका करीत जाते. शब्द आणि चित्र यांपैकी कोणते कोणावर स्वार आहे, हे या प्रसंगात सांगता येत नाही. लेखक आणि दिग्दर्शक एकच असण्याचा लाभ काय, याचा याहून चांगला पुरावा देता येणार नाही.

'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' (१९४१) हा त्याचा सर्वांत चर्चिला गेलेला चित्रपट. हलकेफुलके चित्रपट काढून यशस्वी झालेला सलिव्हन हा दिग्दर्शक जगातील दुःखाने अस्वस्थ होतो आणि 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' नावाचा गंभीर सामाजिक चित्रपट काढण्याचा ध्यास घेतो. दारिद्र्याचा अनुभव घेण्यासाठी तो भिकाऱ्याच्या वेषात बाहेर पडतो. आरंभीचा बराच भाग केवळ धमाल आहे. पुढे तो खरोखरच स्मृतिभ्रंश होऊन, साखळदंड घातलेल्या कैद्यांच्या छावणीत सापडतो आणि विनोद एकाएकी विझतो. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांच्या एका गरीब चर्चमध्ये कैद्यांना डिझ्नीचा कार्टूनपट दाखविला जातो आणि त्या अंधारात कैदी, यजमान आणि सलिव्हन एकत्र हसतात. कृष्णवर्णीयांचे त्या काळच्या हॉलिवुडमधील चित्रण पाहता या दृश्यातील आदर असामान्य होता. राष्ट्रीय कृष्णवर्णीय उन्नती संघटनेचे सचिव वॉल्टर व्हाइट यांनी त्याबद्दल स्टर्जेसचे पत्राने अभिनंदन केले. विनोदाचा कैवार घेणारा हा चित्रपट सलिव्हनने काढू नये असे ठरविलेला गंभीर चित्रपट अर्धाअधिक स्वतःच काढून दाखवितो; ही विसंगती कित्येकांना दोष वाटते. तथापि तिच्यामुळेच तो आजही वादाचा विषय राहिला आहे. त्यातील काल्पनिक चित्रपटाचे नाव जोएल व ईथन कोएन या बंधूंनी २००० साली आपल्या चित्रपटाला दिले. 'द पाम बीच स्टोरी' (१९४२) ही त्यानंतरची, पैसा आणि विवाह यांवरील खट्याळ सुखात्मिका.

महायुद्धाच्या ऐन धामधुमीत काढलेले पुढील दोन चित्रपट त्याच्या धारिष्ट्याची परिसीमा होत. 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' (१९४४) मध्ये एका लहान गावातील मुलगी आघाडीवर निघालेल्या सैनिकांच्या निरोपसमारंभाला जाते. सकाळी तिला एवढेच आठवते, की आपण कोणा सैनिकाशी विवाह केला. त्याचे नाव, चेहरा काहीच आठवत नाही, आणि ती गरोदर असते. तिच्यावर मुकाट्याने प्रेम करणारा तोतरा, घाबरट नॉर्वल तिला सावरायला धावतो आणि एकामागून एक गुन्ह्यांत अडकत जातो. नीतिसंहितेची अंमलबजावणी करणाऱ्या हेज कार्यालयाने पटकथेवर आक्षेपांची खैरात केली. चित्रीकरण सुरू झाले तेव्हा मंजूर झालेली पाने थोडीच होती. उरलेली स्टर्जेस रात्री लिही आणि दिवसा चित्रित करी. अखेरीस सहा मुलगे एकदम जन्माला येतात आणि या राष्ट्रीय पराक्रमापुढे सारे नियम, खटले व कुजबुज गुंडाळली जाते. मातृत्व, सैनिक आणि कायदा या तीन पवित्र गोष्टींची थट्टा करणारा हा चित्रपट कंपनीच्या त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. 'हेल द कॉन्करिंग हीरो' (१९४४) मध्ये परागज्वरामुळे सैन्यातून परत पाठविलेल्या एका तरुणाला सहा मरीन सैनिक चांगुलपणाने वीर म्हणून गावी नेतात आणि गाव त्याला महापौर करायला निघते. गावकऱ्यांच्या भाबडेपणावर हसता हसता त्यांच्याविषयी माया वाटू लागते, हे या चित्रपटाचे वैशिष्ट्य. दोन्ही पटकथांना एकाच वर्षी ऑस्करसाठी नामांकन मिळाले.

स्टर्जेसच्या चित्रपटांत नायक-नायिकेइतकेच लक्षात राहतात ते दुय्यम नट. विल्यम डेमारेस्ट, फ्रँक्लिन पँगबॉर्न, जिमी कॉनलिन, रॉबर्ट ग्रेग, पोर्टर हॉल, अल ब्रिज अशी मंडळी त्याच्या बहुतेक चित्रपटांत पुनःपुन्हा दिसतात. तेच ते चेहरे नकोत, असा कंपनीने आग्रह धरला तेव्हा, आपल्या पहिल्या यशात यांचा वाटा आहे आणि पुढच्या कामावर त्यांचा नैतिक हक्क आहे, असे उत्तर त्याने दिले. खानसामा, पोलीस, बसचालक, न्यायाधीश अशा कोणाही पात्राला तो निव्वळ निरोप्या ठेवीत नाही. प्रत्येकाला स्वतःचे असे एखादे ठसठशीत वाक्य आणि स्वतःचे मत असते. तो संवाद लिहीत नसे, सर्व पात्रांचा अभिनय करीत लेखनिकेला सांगत असे. त्यामुळे त्याच्या वाक्यांना बोलण्याची लय आहे. चित्रीकरणात तो दीर्घ, अखंड चित्रणे पसंत करी. रस्त्याने चालत बोलणाऱ्या दोन पात्रांबरोबर कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे सरकत राहतो आणि संवादाचा वेग संकलनाने न तुटता नटांच्या श्वासावर चालतो.

पॅरामाउंटशी त्याचे संबंध लबॅरन जाऊन त्याच्या जागी बडी डिसिल्व्हा आल्यानंतर बिघडले. ईथरच्या साहाय्याने शुद्धिहरणाचा जाहीर प्रयोग करणारा दंतवैद्य विल्यम मॉर्टन याच्या जीवनावरील 'द ग्रेट मोमेंट' हा चित्रपट १९४२ मध्ये पूर्ण झाला. परंतु उलटसुलट कालक्रमाची त्याची रचना कंपनीला मानवली नाही. फेरसंकलन होऊन १९४४ मध्ये बाहेर पडलेला चित्रपट धड शोकात्म नव्हता, धड विनोदीही नव्हता. 'हेल द कॉन्करिंग हीरो'वरही कात्री चालली. तेव्हा कंपनी सोडून गेलेला स्टर्जेस विनामोबदला परत आला, काही भाग नव्याने चित्रित केला आणि चित्रपट मूळ स्वरूपात आणला. दहा डॉलरला मिळविलेला हक्क हातातून निसटतो आहे, हे त्याने ओळखले होते.

पूर्ण स्वातंत्र्याच्या शोधात तो १९४४ मध्ये विमानव्यवसायातील धनाढ्य हॉवर्ड ह्यूजचा भागीदार झाला. हा निर्णय घातक ठरला. मूकपटांचा ख्यातनाम विनोदी नट हॅरल्ड लॉइड याला घेऊन काढलेला 'द सिन ऑफ हॅरल्ड डिडलबॉक' (१९४७) लॉइडच्या 'द फ्रेशमन' (१९२५) या मूकपटाच्या अखेरच्या भागाने सुरू होतो. मैदानावर विजयी झालेला तो तरुण पुढील वीस-बावीस वर्षे एकाच मेजावर हिशेब लिहीत बसतो, ही मूळ कल्पना विलक्षण करुण आहे; पण उत्तरार्ध तिला पेलत नाही. ह्यूजने तो मागे घेऊन कापला आणि १९५० मध्ये 'मॅड वेन्झडे' या नावाने पुन्हा आणला. भागीदारी तत्पूर्वीच मोडली होती. कंपनीने लगाम खेचल्यामुळे स्टर्जेस संपला, असे सामान्यतः मानले जाते. पण लगाम सुटल्यावरही त्याची घडी बसली नाही, हे दुर्लक्षिता येत नाही. पॅरामाउंटचे कसबी तंत्रज्ञ, ठरलेल्या तारखा, इतकेच काय हेज कार्यालयाशी चाललेली लपाछपीही त्याच्या प्रतिभेला धार लावीत होती.

ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्ससाठी काढलेला 'अनफेथफुली युवर्स' (१९४८) हे त्याचे अखेरचे महत्त्वाचे काम. पत्नीवर संशय घेणारा एक वाद्यवृंदसंचालक रोसीनी, व्हाग्नर आणि चायकॉव्हस्की यांच्या रचना सादर करीत असताना मनातल्या मनात तीन प्रकारचे सूड रंगवितो. नंतर प्रत्यक्षात यांपैकी पहिला सूड घेऊ जातो, तेव्हा घरातील साधे ध्वनिमुद्रणयंत्रही त्याला दाद देत नाही. कल्पनेतील सफाई आणि वास्तवातील फजिती यांचा हा खेळ तत्कालीन प्रेक्षकांना रुचला नाही. त्याची थोरवी नंतरच्या पिढीने ओळखली. 'द ब्यूटिफुल ब्लाँड फ्रॉम बॅशफुल बेंड' (१९४९) हा त्याचा एकमेव रंगीत चित्रपट साफ पडला. हॉलिवुडमध्ये १९४० साली उघडलेले 'द प्लेअर्स' हे त्याचे तीनमजली उपाहारगृह वर्षानुवर्षे त्याची मिळकत गिळीत होते. १९५३ मध्ये तेही हातचे गेले. तो पुन्हा बालपणीच्या पॅरिसला गेला. तेथे प्येर दानिनोस याच्या लोकप्रिय पुस्तकावरून काढलेला 'ले कार्ने द्यु माजॉर थॉम्सन' (१९५५) हा त्याचा शेवटचा चित्रपट. त्यात जुन्या झळाळीची एखादीच रेघ दिसते.

न्यूयॉर्क येथील अल्गाँक्विन हॉटेलात आत्मचरित्र लिहीत असताना हृदयविकाराच्या झटक्याने त्याचे निधन झाले. ते अपुरे हस्तलिखित त्याची पत्नी सँडी स्टर्जेस हिने संपादित करून १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्याच वर्षी 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स'चा अमेरिकन काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत समावेश झाला. पुढे 'द लेडी ईव्ह' (१९९४), 'द मिरॅकल ऑफ मॉर्गन्स क्रीक' (२००१) आणि 'हेल द कॉन्करिंग हीरो' (२०१५) यांनाही त्या सूचीत स्थान मिळाले.